यंत्र निकामी झाले, हे ठरवायचे कोणी?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने ‘विंडोज १०’ या आपल्या कार्यप्रणालीचा नेहमीचा आधार काढून घेतला. २०१५ साली बाजारात आलेल्या या प्रणालीला दहा वर्षांचे आयुष्य मिळाले आणि ठरल्या दिवशी ते संपले. हे सारे पूर्वसूचना देऊन झाले, तेव्हा कंपनीवर विश्वासघाताचा आरोप करण्यात अर्थ नाही. परंतु तेरा तारखेला ज्या लॅपटॉपवर प्रश्नपत्रिका टंकित होत होत्या, पगारपत्रके तपासली जात होती आणि व्याख्याने ऐकली जात होती, त्याच लॅपटॉपवर ती कामे पंधरा तारखेलाही होत राहिली. यंत्रात काही बिघडले नव्हते. त्याच्या निर्मात्यांच्या लेखी मात्र ते कालबाह्य झाले होते. यंत्राचे आयुष्य त्याच्या झिजेवरून ठरावे की विक्रेत्याच्या दिनदर्शिकेवरून, असा हा प्रश्न आहे. आणि तो ज्यांना वर्षा-दोन वर्षांनी नवा लॅपटॉप घेणे परवडत नाही अशा शिक्षकांच्या, कारकुनांच्या आणि विद्यार्थ्यांच्या घरचा प्रश्न आहे.

आधार संपला म्हणजे नेमके काय संपले, हे आधी समजून घेतले पाहिजे. प्रत्येक कार्यप्रणालीत उणिवा असतात, त्या हळूहळू सापडत जातात आणि त्या बुजवणाऱ्या दुरुस्त्या निर्माता वेळोवेळी पाठवत असतो. हा ओघ थांबला की यंत्र चालत राहते, पण त्यानंतर सापडलेली प्रत्येक फट उघडीच राहते. ज्या यंत्रावर केवळ जुनी टिपणे वाचायची आहेत, त्याचे यामुळे फारसे बिघडत नाही. परंतु ज्यावरून बँकेचे व्यवहार होतात, ज्यात आधार कार्डाच्या आणि गुणपत्रिकांच्या प्रती साठवलेल्या आहेत, ते यंत्र असे उघडे ठेवणे शहाणपणाचे नाही. ‘अजून चालते ना, मग चालू द्या’ हा आपल्याकडचा लाडका युक्तिवाद येथे लागू पडत नाही. कंपनीने घरगुती ग्राहकांना सुरक्षा-दुरुस्त्यांची जी वाढीव मुदत देऊ केली, ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची. तिने प्रश्न वर्षभर पुढे ढकलला, सोडवला नाही.

नव्या ‘विंडोज ११’कडे वळावे, तर तेथे दारावरच अटी आहेत. ६४-बिटचा प्रोसेसर, किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी साठवण, आणि त्याखेरीज ‘टीपीएम २.०’ ही सुरक्षा-व्यवस्था. शिवाय साधारणपणे २०१७-१८ पूर्वीचे प्रोसेसर कंपनीच्या मान्य यादीत नाहीत. पुरेशी रॅम असलेला आणि उत्तम चालणारा लॅपटॉपही यामुळे दाराबाहेर राहतो. कॅनालिस या बाजार-अभ्यास संस्थेने डिसेंबर २०२३ मध्ये असा अंदाज वर्तवला होता, की या स्थित्यंतरामुळे जगातील सुमारे २४ कोटी संगणक कचऱ्यात जाऊ शकतील. अंदाज हा अंदाजच असतो. पण २०२२ या एका वर्षात जगात ६ कोटी २० लाख टन इलेक्ट्रॉनिक कचरा निर्माण झाला आणि त्यातील जेमतेम २२ टक्क्यांचीच रीतसर विल्हेवाट लागली, ही संयुक्त राष्ट्रांच्या अहवालातील आकडेवारी विसरून चालणार नाही. उरलेल्यापैकी बराच माल कुठल्या वस्त्यांत जाळला आणि उकळला जातो, हे आपल्या देशाला वेगळे सांगावे लागत नाही.

तथापि, जुने यंत्र मंद चालते ही तक्रार खोटी नाही. ती का उद्भवते? स्विस संगणकशास्त्रज्ञ निक्लाउस विर्थ यांनी १९९५ सालीच एका निबंधात दाखवून दिले होते, की यंत्रे जितक्या वेगाने जलद होत आहेत, त्याहून अधिक वेगाने त्यांवरील आज्ञावल्या जड होत आहेत. पास्कल या संगणकभाषेच्या जनकाचे हे निरीक्षण तीस वर्षांनंतरही खरे आहे. कचेरीचाच दाखला घ्यावयाचा तर रॅम म्हणजे कारकुनाचे टेबल आणि हार्ड डिस्क म्हणजे दप्तराचे कपाट. टेबल लहान असेल आणि त्यावर एकाच वेळी वीस फायली उघडाव्या लागत असतील, तर दर मिनिटाला उठून एक फाईल कपाटात ठेवावी लागते आणि दुसरी काढावी लागते. काम करणारा तोच, त्याचा हातही तोच. वेळ जातो तो येरझाऱ्यांत. जुन्या लॅपटॉपमधील फिरत्या चकतीची हार्ड डिस्क हे तर खोलीच्या दुसऱ्या टोकाला असलेले कपाट होय. म्हणूनच हलकी कार्यप्रणाली निवडणे म्हणजे टेबलावरचा अनावश्यक पसारा काढणे, आणि फिरत्या चकतीच्या जागी एसएसडी बसवणे म्हणजे कपाट हाताशी आणणे. हे दोन्ही उपाय एकत्र केले तर दहा वर्षांचा लॅपटॉप पुन्हा कामाचा होऊ शकतो. दोहोंपैकी एकच करायचा झाल्यास अनेकदा एसएसडीचाच लाभ अधिक जाणवतो.

हलक्या कार्यप्रणाली बहुतेक लिनक्सच्या घराण्यातील आहेत. हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली जो गाभा लिहिला, त्याभोवती जगभरच्या कार्यकर्त्यांनी शेकडो प्रणाली रचल्या. त्या विनामूल्य मिळतात आणि त्यांची रचना कोणालाही पाहता येते. अडचण आहे ती या विपुलतेची. डेबियन, उबुंटू, मिंट, लुबुंटू, अँटीएक्स, पपी अशी नावे समोर आली की नवखा माणूस लग्नाच्या साड्या निवडणाऱ्याप्रमाणे गोंधळतो. शेवटी ‘सर्वांत हलकी कोणती?’ असा एकच प्रश्न विचारून तो मोकळा होतो. निवडीतली पहिली चूक होते ती येथेच. सर्वांत हलकी प्रणाली ही सर्वांत योग्य असेलच असे नाही. पपी लिनक्सचे उदाहरण घ्यावे. २००३ साली ऑस्ट्रेलियातील बॅरी कौलर यांनी सुरू केलेली ही प्रणाली इतकी आटोपशीर आहे, की ती पेनड्राइव्हवरून उचलून सबंध रॅममध्ये मांडता येते. पण तीत वापरणारा प्रथमपासूनच सर्वाधिकारी असतो. यंत्रातील कोणतीही गोष्ट बदलण्याची मुभा त्याला असते, आणि म्हणून त्याच्या नकळत आत शिरलेल्या आज्ञावलीलाही असते. बंद पडलेल्या यंत्रातून फायली वाचवण्यासाठी ती उत्तम; घरातील चौघांनी रोज वापरायच्या यंत्रासाठी मात्र ती निवडताना विचार करावा.

तेव्हा निवड करताना तीन गोष्टी क्रमाने पाहाव्यात. यंत्राची ताकद किती, काम कोणते, आणि निवडलेल्या प्रणालीला सुरक्षा-दुरुस्त्या किती वर्षे मिळणार.

ताकदीचा विचार प्रथम. यंत्रात ६४-बिटचा प्रोसेसर आणि ४ जीबी रॅम असेल, तर लिनक्स मिंटची ‘एक्सएफसीई’ आवृत्ती हा बहुतेकांसाठी समंजस पर्याय आहे. तिच्या निर्मात्यांनी किमान २ जीबी आणि सुखाने काम करण्यासाठी ४ जीबी रॅम सांगितली आहे. तिची पडद्यावरची मांडणी जुन्या विंडोजची सवय असलेल्याला परकी वाटत नाही, हा तिचा मोठा गुण. रॅम २ जीबीच असेल, तर ‘एलएक्सक्यूटी’ ही अधिक सडसडीत मांडणी वापरणारी लुबुंटू, किंवा तशाच मांडणीसह बसवलेली डेबियन बरी. गूगलची ‘क्रोमओएस फ्लेक्स’ २०२२ पासून उपलब्ध आहे आणि ती वापरण्यास सोपी आहे. मात्र तिलाही ४ जीबी रॅम लागते, तिचा सारा व्यवहार ब्राउझर आणि गूगलचे खाते यांच्याभोवती फिरतो, आणि मोबाइलवरची अॅप्स तीवर चालत नाहीत. ज्यांचे काम मुळातच ब्राउझरमध्ये होते त्यांना ती पुरेल. ज्यांच्याकडे इंटरनेटची जोडणी भरवशाची नाही, त्यांनी तिच्या वाटेला न जाणे चांगले.

खरी कसोटी लागते ती ३२-बिटच्या यंत्रांची. २००८ च्या सुमारास ‘नेटबुक’ नावाचे जे छोटे, स्वस्त लॅपटॉप बाजारात आले, त्यांतील अनेकांत इंटेलचा ‘अॅटम एन २७०’ हा केवळ ३२-बिट प्रोसेसर होता आणि रॅम होती १ जीबी. अशा यंत्रांसमोरची दारे एकेक करून बंद होत आली आहेत. गूगलने लिनक्सवरील ३२-बिट क्रोम ब्राउझर २०१६ सालीच थांबवला. डेबियनने ऑगस्ट २०२५ मधील आपल्या तेराव्या आवृत्तीपासून ३२-बिट यंत्रांवर नव्याने बसवण्याची सोय काढून टाकली. फायरफॉक्सनेही २०२५ च्या अखेरीस नव्या आवृत्त्यांतून लिनक्सवरील ३२-बिटला निरोप दिला. अँटीएक्ससारख्या प्रणालीने २०२३ मधील आवृत्तीतही या यंत्रांची पाठराखण केली, ही गोष्ट कौतुकाची आहे. परंतु कार्यप्रणाली हलकी मिळाली तरी ब्राउझर कोठून आणणार? आज संगणकावरील सर्वांत जड ओझे कार्यप्रणालीचे नाही, ते ब्राउझरचे आहे. रिकामी असताना चार-पाचशे मेगाबाइट रॅम घेणारी प्रणाली निवडायची आणि तीवर ब्राउझरची दहा पाने उघडायची, तर वाचवलेली सारी जागा पाच मिनिटांत खर्च होते. असल्या नेटबुकवर लिहावे, जुनी पुस्तके वाचावीत, गाणी ऐकावीत. त्याच्याकडून ऑनलाइन वर्गाची अपेक्षा ठेवू नये. जुन्या यंत्राचा कैवार घेताना त्याच्या मर्यादांवर पांघरूण घालणे हीही एक प्रकारची फसवणूकच ठरेल.

दुसरा विचार कामाचा. मराठी शिक्षकाचे आणि कारकुनाचे काम कोणते, हे पाहिले तर चित्र पुष्कळसे आशादायक आहे. शालेय वेतनाची ‘शालार्थ’ प्रणाली किंवा शाळांची माहिती भरण्याची ‘यूडायस प्लस’ ही कामे ब्राउझरमधून होतात. पत्रे, तक्ते आणि सादरीकरणे यांसाठी ‘लिबरऑफिस’ पुरेसे आहे. अडचण येते ती मराठी अक्षरांपाशी. युनिकोडपूर्व काळातील ‘श्रीलिपी’, ‘आयएसएम’ किंवा ‘कृतिदेव’ यांच्या टंकांत तयार केलेली कागदपत्रे आजही शाळांच्या आणि कचेऱ्यांच्या संगणकांत ढिगाने पडून आहेत. तो विशिष्ट टंक नसलेल्या यंत्रावर ती उघडली, की मराठीच्या जागी रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा बुजबुजाट दिसतो. मग दोष नव्या प्रणालीला दिला जातो. वस्तुतः दोष त्या कागदपत्रांच्या जुन्या संकेताचा आहे, आणि ती युनिकोडमध्ये रूपांतरित करण्याचे काम आज ना उद्या करावेच लागणार आहे. नव्या मजकुरासाठी लिनक्सवर सोयी कमी नाहीत. १९८६ साली केंद्र शासनाच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने ठरवलेला इन्स्क्रिप्ट कळफलक तेथे आहे. टंकलेखन-यंत्रावर हात बसलेल्यांसाठी रेमिंग्टनची मांडणी आहे, आणि रोमन अक्षरांतून मराठी लिहिणाऱ्यांसाठी ‘गमभन’ही आहे. ‘लोहित’ आणि मुंबईच्या एक टाइपने घडवलेला ‘मुक्त’ यांसारखे देवनागरी टंक विनामूल्य मिळतात.

मात्र काही कामे अशी आहेत, की त्यांच्यापुढे लिनक्सचा आग्रह धरू नये. ज्यांना डिजिटल स्वाक्षरीचे टोकन रोज लावावे लागते, ज्यांचे हिशेब केवळ विंडोजवर चालणाऱ्या आज्ञावलीत आहेत, किंवा ज्यांच्या टेबलावरचा जुना लेझर प्रिंटर कंपनीच्या खास ड्रायव्हरवाचून हलत नाही, त्यांनी आधी त्या एकेका गोष्टीची खात्री करून घ्यावी. ही खात्री करून घेणे सोपे आहे, हा लिनक्सचा मोठा लाभ. आठ जीबीच्या साध्या पेनड्राइव्हवर प्रणाली उतरवून यंत्र त्यावरून सुरू करता येते. आतील हार्ड डिस्कला हात न लावता वाय-फाय, आवाज, छपाई, मराठी टंकलेखन, झाकण मिटून पुन्हा उघडल्यावर यंत्राचे जागे होणे, हे सारे तपासता येते. पेनड्राइव्हवरचा कारभार थोडा संथ असतो, तेव्हा वेगाचा निवाडा तेवढ्यावर करू नये. आणि प्रणाली कायमची बसवण्यापूर्वी सर्व फायलींची दुसरी प्रत अन्यत्र काढून ठेवावी. हा उपदेश शिळा आहे, पण तो न ऐकणाऱ्यांची संख्या पाहता पुन्हा सांगणे भाग आहे.

तिसरा विचार निगराणीचा, आणि हौशी मंडळी नेमका तोच विसरतात. लिनक्स मिंटच्या बाविसाव्या मालिकेला एप्रिल २०२९ पर्यंत दुरुस्त्या मिळणार आहेत. डेबियनच्या प्रत्येक आवृत्तीला तीन वर्षे पूर्ण आणि पुढची दोन वर्षे मर्यादित आधार असतो. लुबुंटूच्या दीर्घ मुदतीच्या आवृत्तीचा आधार तीन वर्षांचा. याउलट अनेक छोट्या प्रणाली एका-दोघांच्या उत्साहावर चालतात, आणि तो उत्साह ओसरला की त्या मुकाट्याने थांबतात. विंडोज १० चा आधार संपला म्हणून बाहेर पडायचे आणि ज्याचा आधार कधी संपेल हे कोणालाच ठाऊक नाही अशा घरात शिरायचे, यात कोणते शहाणपण? शंभर मेगाबाइट रॅम अधिक खाणारी पण पाच वर्षे सांभाळली जाणारी प्रणाली ही शिक्षकाच्या घरात अधिक हलकी ठरते. कारण तिचे ओझे त्याच्या डोक्यावर पडत नाही.

यावर एक आक्षेप घेतला जाईल आणि तो रास्त आहे. प्रणाली फुकट असली तरी ती बसवणारा, अडले तर सांगणारा माणूस फुकट नसतो. तालुक्याच्या गावी विंडोज ‘मारून’ देणारे दुकान हाकेच्या अंतरावर असते; लिनक्सची अडचण सोडवणारा शोधावा लागतो. जर्मनीतील म्यूनिक महापालिकेने २००३-०४ मध्ये लिनक्सचा निर्णय घेतला, जवळजवळ १५ हजार संगणक त्यावर नेले, आणि २०१७ मध्ये पुन्हा विंडोजकडे परतण्याचा ठराव केला. त्यामागे राजकारण होते, तशाच कर्मचाऱ्यांच्या तक्रारीही होत्या. भारतात सी-डॅकने २००७ साली डेबियनवर आधारलेली ‘बॉस’ प्रणाली आणली. सी-डॅकचे मुख्यालय पुण्याला असूनही महाराष्ट्रातील किती शिक्षकांनी तिचे नाव ऐकले असेल, याची शंकाच आहे. याउलट केरळने शालेय संगणक-शिक्षण मुक्त प्रणालींवर उभे केले आणि ते टिकवले. २०२४ मध्येही तेथील ‘काइट’ या संस्थेने शाळांसाठी उबुंटूवर आधारलेली नवी आवृत्ती काढली. केरळच्या यशाचे रहस्य प्रणालीच्या हलकेपणात नाही. तेथे आधी शिक्षकांना प्रशिक्षण दिले गेले, आणि अडचण आल्यास कोणाला विचारायचे हे ठरलेले होते.

महाराष्ट्रात हे अशक्य आहे काय? येथे जिल्ह्याजिल्ह्यात अभियांत्रिकी आणि तंत्रनिकेतन महाविद्यालये आहेत. त्यांत संगणकशास्त्र शिकणारे विद्यार्थी आहेत. त्यांना प्रत्यक्ष कामाचा अनुभव हवा असतो. गावोगावी सार्वजनिक वाचनालये आहेत. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांत रस्ते झाडण्याचे छायाचित्र काढून घेण्यापेक्षा महिन्यातून एक रविवार वाचनालयात बसून दहा जुने लॅपटॉप मार्गी लावून देणे अधिक उपयोगाचे होईल. शाळांच्या संगणक-कक्षांत धूळ खात पडलेली यंत्रे निर्लेखित करण्यापूर्वी त्यांवर हलकी प्रणाली चालते का हे पाहण्याची अट शिक्षण विभागाने घालावी. त्यासाठी नवा निधी लागणार नाही. लागेल ती थोडी इच्छा आणि थोडी शिस्त.

प्रत्येक जुना लॅपटॉप वाचवता येईल, असा दावा कोणी करू नये. ज्याची बॅटरी फुगली आहे, तो तातडीने वापरातून बाहेर काढून अधिकृत संकलन-केंद्राकडेच गेला पाहिजे. ज्याचा प्रोसेसर ३२-बिटचा आहे, त्याला हलक्या कामावर ठेवून हळूहळू निवृत्त करावे. पण ज्याच्या पोटात ६४-बिटचा प्रोसेसर आणि चार जीबी रॅम आहे, त्याला केवळ एका कंपनीच्या यादीत नाव नाही म्हणून अडगळीत टाकणे हा पैशाचा अपव्यय आहे. ज्या घरात एकाच लॅपटॉपवर आई पगारपत्रक पाहते आणि मुलगी परीक्षेची तयारी करते, तेथे नव्या यंत्राचे तीस-चाळीस हजार रुपये म्हणजे एका वर्षाची फी असू शकते. ती रक्कम खर्च करण्यापूर्वी एक पेनड्राइव्ह आणि एक रविवार खर्च करून पाहावा. यंत्र खरोखर थकले आहे की त्याला थकलेले म्हटले जात आहे, हे त्या एका दिवसात कळते, आणि नव्या खरेदीचा निर्णय मग त्या घरातील माणसांना स्वतःच्या हिशेबाने घेता येतो.